सव्वातीनचा वर्ग

शिकवायचं वेड मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लागलं. तोवर मी नागपूरबाहेरच्या एका औष्णिक वीज केंद्रातली साधी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. बॉयलरमधला दाब, तापमान, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बरोबर चालतात की नाही, आणि त्या मोजमापांवरून झडपा आपोआप उघडतात-मिटतात की नाही, हे बघणं माझं काम. सकाळी नागपुरातल्या महाल भागातून स्टाफ बस पकडायची आणि संध्याकाळी केसांत राखेची बारीक भुकटी घेऊन परतायचं. आई दारातच अडवायची. "आधी डोकं झटक वं, मग आत ये."

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. बाबा कारकून, आजोबा कारकून, त्यांच्या आधीचे राजाच्या दफ्तरात मोडी लिहीत बसलेले. घरात हेल्मेट आणणारी मी पहिली. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, आतल्या पट्ट्या ओढून पाहिल्या आणि कुणी बघत नाही असं समजून आरशासमोर डोक्यावर चढवलं. मी पडद्याआडून बघत होते. त्यांनी आरशाला सलामसुद्धा ठोकला.

नोकरीची पहिली काही वर्षं मी आमच्या विभागात एकटीच बाई. कंट्रोल रूमजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. त्या येण्याजाण्यात मला सगळं केंद्र पायांनी पाठ झालं; कुठला पाइप कुठून निघतो आणि कुठे शिरतो, हे मी नकाशा न बघता सांगायचे. पुढे स्वच्छतागृह झालं, दोन बढत्या झाल्या, लग्न झालं, मुलगी झाली, ती माझ्याहून उंच झाली. आणि एक दिवस कंट्रोल रूममधलं जुनं पॅनेल निघालं.

जुन्या पॅनेलवर काटे होते, शाईच्या पेनांनी कागदावर रेघा ओढणारी यंत्रं होती. त्यांच्या जागी चकचकीत स्क्रीन आले. आम्हा इंजिनिअरांना शहरातल्या हॉटेलात दोन दिवस प्रशिक्षण मिळालं, दुपारी गुलाबजामसुद्धा होते. जे लोक त्या स्क्रीनसमोर आठ-आठ तास बसणार होते, त्या ऑपरेटरांना मिळालं प्लास्टिकच्या पाकिटातलं एकेक जाडजूड इंग्रजी पुस्तक. गुलाबजाम खाताना मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे कबूल करते.

थोड्याच दिवसांत तक्रार आली. बॉयलरच्या माथ्यावर ड्रम नावाचं मोठं लोखंडी भांडं असतं. त्यातलं पाणी कायम मधोमध ठेवावं लागतं. कमी झालं तर खालच्या नळ्या जळतात, जास्त झालं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरतं, आणि मग रडायलाही सवड मिळत नाही. ही पातळी आपोआप राखणारी व्यवस्था नव्या स्क्रीनवर मी बसवली होती. आणि एका पाळीतला ऑपरेटर ती सारखी बंद करून हातानं पाणी सोडत होता. हा ऑपरेटर म्हणजे मामा. पंचावन्नच्या घरातले, काटोलकडच्या खेड्यातले, सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणायचं. मी तणतणत कंट्रोल रूममध्ये गेले.

"मामा, ऑटो काहून बंद करता तुम्ही?"

मामांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "मॅडम, रागावू नका. पण तुमचा ऑटो बावळा हाय."

"बावळा?"

"लोड वाढला का वाफ जोरानं ओढल्या जाते. मंग ड्रममधलं पाणी फुगते. तुमच्या ऑटोले वाटते पाणी जास्त झालं, तो पाणी बंद करून टाकते. अन् मंग पाहा, सारं पाणी खाली! ते फुगणं खोटं असते, मॅडम. दूध उतू जाते तवा दूध वाढते काय?"

हे खोटं फुगणं माझ्या कॉलेजच्या पुस्तकात होतं. त्याला इंग्रजी नाव होतं, आकृती होती, त्यावर मला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. मामांनी ते पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाणी पाहिलं होतं.

आणि खरी गोम पुढेच होती. ऑटोनं फसू नये म्हणून किती वाफ बाहेर जाते आहे याचा सिग्नलही त्याला द्यायचा असतो. मी परत जाऊन तपासलं. नवी व्यवस्था बसवताना तो सिग्नल जोडायचाच राहून गेला होता, आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माझी सही होती. ऑटो बावळा नव्हता. त्याला मी अर्ध्या माहितीवर कामाला लावलं होतं.

तो जोडला. मामांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. त्यांनी मान हलवली, पण पुढचे आठ दिवस त्यांचा हात माउसवरच होता. नवव्या दिवशी लोड वाढला, पाणी फुगलं, ऑटोनं पाणी बंद केलं नाही. मामांनी हात उचलून डोक्यामागे घेतला आणि खुर्चीला टेकले. "हुशार झाला पोट्टा," म्हणाले. मला इतका आनंद झाला की जणू मुलीचाच निकाल लागला.

जायला निघाले तर मामा म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट इचारू काय? या पडद्यावर पी, आय, डी लिहिलं हाय. जुन्या पॅनेलच्या मागंही हेच तीन अक्षरं होते. पंचवीस वर्षं झाले पाहून राहिलो. ज्याले इचारलं तो म्हणे, तुमचं काम नाही ते. हाय काय हे?"

मी उभ्या उभ्या सांगायला लागले, तेवढ्यात फोन वाजला, मला कुठेतरी बोलावणं आलं.

"मंग केव्हा सांगता?" मामा.

त्या 'केव्हा'नं सगळं झालं. मी तोंडाला येईल ते बोलून गेले. "मंगळवारी. तुमची पहिली पाळी तीनला सुटते ना? सव्वातीनला."

कँटीनच्या मागे मोडक्या खुर्च्यांची खोली होती. केंद्राच्या कॉलनीतल्या शाळेनं टाकून दिलेला फळा आणला. मंगळवारी तिघं आले. एक मामा, एक मामांनी हाताला धरून आणलेला त्यांच्या पाळीतला फिटर, आणि तिसरा एक क्रेन चालवणारा, जो पंखा जोरात फिरतो म्हणून झोपायला आला होता आणि खरोखर झोपला.

मी अतिशय वाईट शिकवलं. फळ्यावर सगळं समीकरण लिहिलं, अगदी कॉलेजात होतं तसं. फिटरनं मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, हा साप कोनता?"

त्यानं बोट दाखवलं होतं इंटिग्रलच्या खुणेकडे. मी त्या खुणेकडे पाहिलं. सापच होता. शेपटीवर उभा राहिलेला. मला हसू फुटलं ते थांबेचना. मामा हसायला लागले, फिटर हसायला लागला, आणि त्या गोंधळानं क्रेनवाला जागा झाला. मी समीकरण पुसलं. म्हटलं, समजा एखादी गोष्ट तुम्हाला एका जागी ठेवायची आहे आणि ती सारखी हलते आहे. ती किती सरकली ते बघून आपण ओढतो, हा पी. बराच वेळ थोडी बाजूलाच राहिली, तर तो साठलेला फरक भरून काढतो, हा आय, म्हणजेच मघाचा साप. आणि ती आता किती वेगानं सरकते आहे ते बघून, पुढे काय होणार ते ओळखून आधीच हात हलवतो, तो डी.

क्रेनवाल्यानं डोळे चोळले. "हे तं पतंग हाय."

"काय?"

"पतंग, मॅडम! पतंग जेवढी सरकली तेवढा खेच द्याचा, हा तुमचा पी. हवा एकाच बाजूनं वाहून राहिली तं पतंग थोडी तिकडंच बसून राहते. मंग हळूहळू मांजा घेत जाचा, घेत जाचा, जागेवर येईपर्यंत. हा साप. अन् तिनं मुंडी टाकली रे टाकली का खाली याच्या आधीच ढील द्याची. जो खाली आल्यावर ढील देते त्याची पतंग गेली. हा डी!"

मामांनी टेबलावर थाप मारली. "आता समजलं! पंचवीस वर्षं लोकायनं मले पतंग नाही सांगतली!"

त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच खिडकीशी हसत बसले होते. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

शुक्रवारी पुन्हा वर्ग ठेवला, सात जण आले. पुढच्या मंगळवारी खुर्च्या कमी पडल्या. ते जाडजूड इंग्रजी पुस्तक आम्ही पाकिटातून काढलं आणि पानापानानं वाचायला लागलो. मी इंग्रजी वाक्य वाचायची, कुणीतरी म्हणायचं "म्हणजे?", आणि त्याचं उत्तर देताना मला कळायचं की मलाही ते नीट माहीत नव्हतं. घरी जाऊन मी पुन्हा पुस्तकं उघडायला लागले. मुलगी तिच्या टेबलावर, मी माझ्या टेबलावर. ती म्हणायची, "आई, तुझी परीक्षा कधी आहे गं?" मी म्हणायची, मंगळवारी.

मग संक्रांत आली. आणि वर्गानं एकमुखानं ठरवलं की या वेळचा तास मैदानावर.

वीज केंद्राच्या माणसांना पतंग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तारांत अडकलेला मांजा काय करू शकतो हे आम्ही सगळे जाणून होतो. म्हणून मी अटी घातल्या. कॉलनीचं पलीकडचं मैदान, स्विचयार्डपासून, म्हणजे केंद्राच्या उघड्या तारांच्या आवारापासून, अगदी लांब. साधा सुती दोरा. एकच पतंग. आणि हेल्मेट घालूनच, कारण वर्ग कामाचाच होता. वीस-बावीस माणसं पिवळी हेल्मेटं घालून मैदानात उभी होती. पतंगीवर फिटरनं मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पी-आय-डी, सव्वातीनचा वर्ग.

लहानपणी मला घरच्या गच्चीवर फक्त दोऱ्याची चक्री धरायला मिळायची. भाऊ उडवायचा, मी मागे उभी. त्या दिवशी क्रेनवाल्यानं दोरा माझ्या बोटांत दिला. "घ्या मॅडम. आता तुम्हीच ऑटो."

पतंगीनं वर गेल्यावर माझा हात असा खेचला की मी दोन पावलं पुढे गेले. "पी! पी!" मामा ओरडले. मी खेच दिला. "साप घ्या, साप!" फिटर ओरडला. मी दोरा गोळा करत गेले. "मुंडी टाकली, डी द्या, डी!" आणि वीस लोक मला अक्षरं ओरडून सांगत होते, आणि मी सेहेचाळीस वर्षांची बाई हेल्मेट घालून उड्या मारत होते. पतंग थरथरली, सावरली, जिथल्या तिथे उभी राहिली. अर्धं मिनिट. जन्मात मी एवढा चांगला ऑटो बसवला नव्हता.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून कॉलनीतल्या पोरांची एक काळी पतंग आली आणि आमचा दोरा कटकन कापला. गच्चीवरून आरोळी आली, "ओ काट!"

आमची पतंग सुटली. आणि आम्हा सगळ्यांचे चेहरे एकाच दिशेला वळले, की वारा कुठला आहे? दोऱ्याचं लांब शेपूट घेऊन ती झाडांवरून निघाली. आम्ही पळत सुटलो. मामा पंचावन्नचे, पण सगळ्यांत पुढे. क्रेनवाला पळता पळता वाऱ्याची दिशा सांगत होता. सुदैवानं वारा स्विचयार्डच्या उलट होता. पतंग डुलत डुलत एका बंगल्याच्या बागेत उतरली, आणि आम्ही फाटकाशी धापा टाकत थांबलो. बंगला केंद्राच्या मुख्य अभियंत्यांचा होता. ते बागेत खुर्ची टाकून चहा पीत होते. त्यांनी पतंग उचलली, तिच्यावरची अक्षरं वाचली, मग फाटकाबाहेरच्या पिवळ्या हेल्मेटांकडे पाहिलं. आत निघून गेले. पतंग घेऊन.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्र. केंद्राच्या परिसरात पतंग उडवल्याबाबत लेखी खुलासा सादर करावा.

मामा धावत आले. "मॅडम, माह्यं नाव लिहा. मले काय, दोन-तीन वर्षं राहिले. मी म्हणतो, मीच उडवली."

"मामा, पतंग माझ्या हातात होती."

"मंग आपण दोघायनं उडवली असं लिहा!"

मी खुलासा लिहिला. मैदान कुठे होतं, दोरा कुठला होता, चूक काय झाली ते सगळं खरं लिहिलं. मग पेन थांबेना. पतंग का, हेही लिहिलं. ड्रमचं पाणी, खोटं फुगणं, पंचवीस वर्षांचा तीन अक्षरांचा प्रश्न, पतंगीची आकृती, बाणांसकट. साडेतीन पानं झाली. पाठवून दिलं आणि बसून राहिले.

दुपारी कागद परत आला. खाली लाल शाईत तीन ओळी होत्या.

"खुलासा मान्य. पतंग पुन्हा नको. 'आय' नीट कळला नाही, भेटावे."

मी ते चार वेळा वाचलं. मग त्यांच्या केबिनकडे चक्क पळत गेले. साहेब पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा. मी हे कॉलेजात पाठ करून पास झालो. तुमच्या खुलाशात पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. पण हा साप माझ्या हातातून निसटतोय." खुलाशात मी साप असंच लिहिलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. मेले, असं वाटलं. पण ते गंभीर चेहऱ्यानं फायलीची फीत सोडून माझ्यापुढे धरत होते. "यावर दाखवा."

आम्ही त्या फितीची पतंग केली. पेपरवेट म्हणजे वारा. मी समजावत गेले, ते विचारत गेले. शिपाई चहा घेऊन आत आला आणि तसाच परत गेला.

पुढच्या मंगळवारी साहेब वर्गात आले. सगळे ताडकन उभे राहिले. मामा म्हणाले, "बसा साहेब, मागं जागा हाय," आणि साहेब खरंच मागे बसले, मोडक्या हाताच्या खुर्चीवर, वही उघडून. महिन्याभरात परिपत्रक निघालं. सव्वातीनचा वर्ग हा आता केंद्राचा अधिकृत वर्ग झाला. प्रशिक्षण हॉल मिळाला, पांढरा फळा मिळाला, दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी दुपारी एकचा वेगळा वर्ग सुरू झाला, आणि मी एकटी पुरेना म्हणून वेल्डिंगवाले वेल्डिंग शिकवायला लागले, हिशेब विभागातल्या बाई संगणक. साहेबांनी उन्हाळ्यात बॉयलरच्या नळ्यांवर तीन तास घेतले. दुसऱ्या तासाला त्यांना घाम फुटला होता, कारण फिटरनं "म्हणजे?" विचारलं होतं.

आणि मग मामांनी जाहीर केलं की आपण खात्याची परीक्षा देणार. वरच्या पदाची.

ही परीक्षा त्यांनी तरुणपणी दोनदा दिली होती, दोनदा गणितात गेले होते. निवृत्ती जवळ आली होती. सगळ्यांनी विचारलं, "मामा, आता कायले?" मामा म्हणायचे, "द्याची हाय म्हणून." मामींना वेगळं सांगितलं होतं, ते मला मामींकडूनच कळलं. "मले म्हणे, ते पेपर मले हसून राहिले तवापासून. एकडाव मले त्यायच्याकडं पाहून हसू दे." मामी भाकरी थापता थापता त्यांचे प्रश्न घ्यायच्या. मामा चुकले की तव्यावरची भाकरी दुसऱ्याला मिळायची. मामींना सूत्रं पाठ झाली. एकदा त्यांच्या घरी गेले तर मामा दाब आणि तापमानाच्या गणितात अडले होते, आणि मामी पिठाच्या हातानं म्हणाल्या, "अहो, आधी अंश सेल्सिअसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवा ना!"

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. लग्नाची वरात निघावी तसे.

निकाल भर दुपारी फोनवर आला. यादी लांबलचक. मामांनी स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. नंबर नव्हता. दोनदा बघितलं. मामा म्हणाले, "असू द्या," आणि फोन माझ्या हातात दिला. मी यादीचं वरचं शीर्षक वाचलं. मामा नापासांची यादी बघत होते.

"मामा! तुमचा नंबर इथे नसणारच!"

"म्हंजे?"

मी दुसरी यादी शोधायला लागले. साहेबांनी फोन घेतला, त्यांच्याकडून फिटरनं घेतला, फिटरनं नंबर मोठ्यानं वाचला. मग जो कल्ला झाला तो टर्बाइनच्या आवाजाच्या वर गेला असणार. मामांनी आधी मामींना फोन लावला, मग कुणालाच काही न सांगता साहेबांना मिठी मारली. साहेबांचं हेल्मेट खाली पडून हॉलभर गोल गोल फिरत राहिलं.

बढती मिळाली ती बदलीसकट, चंद्रपूरकडच्या दुसऱ्या केंद्रात. आम्हाला वाटलं, या वयात मामा नाही म्हणतील. मामा म्हणाले, "काहून नाही म्हणू? जवानीत कोनी धाडलंच नाही कुठं." मामींनी त्याच दिवशी भांडी बांधायला घेतली.

परवा संध्याकाळी मी महालातल्या गल्लीत भाजी घेत होते. फोन वाजला, मामांचा व्हिडिओ कॉल. "मॅडम, घाईत हाय काय? आमच्या बॉयलरच्या हीटरचं पाणी निघून नाही राहिलं. झडप उघडी हाय, तरी पातळी चढून राहिली. मी म्हणतो झडप अडकली, इथला इंजिनिअर म्हणते मोजणी चुकली. तुम्ही काय म्हणता?"

"मोजणी," मी म्हटलं.

"कशावरून?"

"मामा, नळीत हवा अडकली असेल. मोजणारी बारीक नळी तपासली का?"

"तपासली ना! मले काय नवीन समजता?"

मी दुकानाच्या फळकुटावर पिशवी ठेवली आणि वांग्यानं हवेत हीटर काढून दाखवायला लागले. मामा तिकडून हातानं झडप काढून दाखवत होते. आमचे आवाज चढले. दोन बायका थांबून बघायला लागल्या. भाजीवाला बराच वेळ ऐकून म्हणाला, "ताई, ते वांगं तेवढं वजनात घेतो. अन् मी काय म्हणतो, झडपच असन ती."

"बघा!" मामा फोनमधून ओरडले. "त्यायले इचारा, काहून म्हणते तो!"